चांदी अजून बाजारातच आहे

खंडेराव नरोटे गुरुजी आमचे शेजारी. मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनच्या थोडं अलीकडे, आमची दुमजली इमारत आहे. वरच्या मजल्यावर त्यांचं घर आणि आमचं घर शेजारी शेजारी. दोघांच्या स्वयंपाकघरात एकच भिंत, आणि तीही बिल्डरने फारशी मनावर न घेता बांधलेली. त्यांच्याकडे मिरचीची फोडणी पडली की आमच्याकडे शिंका येतात. आमच्याकडे भांडण झालं की दुसऱ्या दिवशी गुरुजी माझ्याशी जरा जास्त मायेने बोलतात.

गुरुजी अंगाने लहानखुरे, आवाजाने त्याहून लहान. पण पंचवीस-तीस वर्षं पोरांत काढल्यामुळे मोठ्या माणसांशी कसं बोलावं ते विसरून गेलेले. भाजीवालीने हिशेब बरोबर केला तर तिला म्हणतात, ‘शाब्बास.’ एकदा आमच्याकडे चहा पिताना मी वर्तमानपत्रातली बातमी न अडखळता वाचून दाखवली, तर म्हणाले, ‘छान. बसा खाली.’ मी बसलेलोच होतो, तरी अजून नीट बसलो.

त्यांची शाळा खुलताबादच्या पुढे, डोंगरावरच्या एका वाडीत. सकाळी इथून शेअर रिक्षाने मध्यवर्ती बस स्थानक, तिथून लाल बसने खुलताबाद, आणि पुढे स्कूटी. ती स्कूटी खुलताबादेतच एका पंक्चरवाल्याकडे मुक्कामाला असते. आख्ख्या आयुष्यात ती तालुक्याबाहेर गेलेली नाही. गुरुजी म्हणतात, माझ्या ओळखीत बदली न झालेली सरकारी कामातली एवढीच.

शाळेला दोन खोल्या, चार इयत्ता आणि एक गुरुजी. दुसरे एक शिक्षक होते, ते कुठल्याशा कामावर तात्पुरते गेले आणि तिथेच कायमचे तात्पुरते झाले. वाडी धनगरांची. दोन-तीन घरं शेतीवाली, बाकी सगळी मेंढरांमागची. दिवाळी झाली की ही घरं कळप घेऊन खाली गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठाला उतरतात, कापसाच्या-उसाच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढ्या बसवतात आणि जूनला परत येतात. पोरंही त्यांच्याबरोबरच. म्हणजे जूनमध्ये भरलेली शाळा दिवाळीनंतर ओसाड. गुरुजी म्हणायचे, ‘आमच्याकडे हजेरीलासुद्धा हंगाम असतो.’

अशा शाळेत एका वर्षी वरून चित्रांच्या पुस्तकांचा गठ्ठा आला. इतर शाळांत असे गठ्ठे कपाटात जातात, कारण पुस्तक पोरांच्या हातात दिलं की फाटतं, आणि फाटलं की जबाबदार कोण, हा प्रश्न निघतो. गुरुजींनी गठ्ठा सोडला. त्यातलं एक पुस्तक त्यांना भारी आवडलं. शहागंजातून जाड प्लास्टिक आणून त्याला कव्हर घातलं आणि दुसऱ्या दिवशी ते वर्गात उघडलं, ते आजतागायत उघडंच आहे.

त्या पुस्तकात एकही अक्षर नव्हतं. त्यामुळे चारही इयत्तांना ते सारखंच वाचता येत होतं. पिवळ्या झग्यातली एक मुलगी, तिचं एक जनावर, घर, टेकडी, विहीर, ओढा, वडाचं झाड, आणि शेवटच्या पानावर आठवडी बाजार. बाजाराचं चित्र दोन्ही पानं भरून. माणसंच माणसं, टोपल्या, बांगड्या, केळी, गाढवं. त्यात ती मुलगी दिसत नाही आणि जनावरही दिसत नाही. पुस्तक तिथंच संपतं. गुरुजींना वाटलं, दुसरा भाग येणार असेल. त्यांनी केंद्रावर तशी चौकशीही केली. तिथल्या माणसाने पुस्तक पाठपोट पाहून सांगितलं, ‘गुरुजी, पहिला भाग आलाय हेच नशीब समजा.’

मग गुरुजींनी त्या एका पुस्तकावर आख्खी शाळा चालवली. पहिलीने चित्रावर बोट ठेवून नाव सांगायचं. दुसरीने बाजारातले पाय मोजायचे. माणसाचे दोन, जनावराचे चार, आणि केळीवाल्याचा एकच दिसतो कारण दुसरा टोपलीमागं आहे, तर तो धरायचा की सोडायचा, यावर दुसरीत दोन तट पडले होते. तिसरीने घरापासून बाजारापर्यंतचा नकाशा काढायचा. चौथीने केळीवाल्याच्या मनात काय चाललंय ते लिहायचं. एकाने लिहिलं होतं, ‘त्याला वाटतंय की कोणीतरी माझे पाय मोजतंय.’ विहिरीच्या पानावर इतिहास. ती कोणी खणली असेल हे पुस्तकात नाही, म्हणून पोरं वाडीतल्या दगडाबाई आजीला वाडीतल्या विहिरीबद्दल विचारून आली, आणि तिथून गावातलं एक जुनं भांडण पुन्हा सुरू झालं. वडाच्या झाडाची सावली कुठल्या बाजूला पडलीय, मग ही सकाळ की संध्याकाळ, हे ठरवायला अख्खी शाळा पुस्तक घेऊन उन्हात उभी. खेळाच्या तासाला जनावरासारखं चालायचं.

आणि याच जनावरावरून शाळेत पहिली मोठी फूट पडली. चित्रकाराने त्याला मेंढीसारखी गुबगुबीत लोकर दिली होती आणि शेपटी मात्र काढली होती वर उभी. आता मेंढीची शेपटी खाली लोंबते आणि शेळीची वर असते, हे वाडीतल्या पोरांना चालता यायच्या आधी कळतं. चित्रकार बिचारा शहरातला असणार. निम्मी शाळा म्हणाली शेळी, निम्मी म्हणाली मेंढी. एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांनी सहज चित्रावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे. झालं. दोन्ही बाजूंनी पुरावे सुरू झाले. केंद्रप्रमुखही मूळचे शेळ्यामेंढ्यांतलेच निघाले. तपासणी बाजूला राहिली आणि ते शेळीच्या बाजूने तासभर लढले. जाताना गुरुजींना बाजूला घेऊन म्हणाले, लोकर पाहता मेंढीही नाकारता येत नाही.

शेवटी तडजोड म्हणून पोरांनी जातीचा विषय सोडून जनावराला नावच दिलं. चांदी.

आता शालूवहिनींबद्दल सांगायला हवं, कारण चांदी खरी त्यांची.

शालूवहिनी म्हणजे गुरुजींच्या मंडळी. गुरुजी स्वतः धनगराचे, वहिनींचं माहेरही धनगराचंच. लहानपण बापाच्या कळपामागं गेलेलं, जिथे तळ पडेल तिथल्या शाळेत चार दिवस बसायचं, असं करत करत चौथीपर्यंत आलेल्या. त्यांना आख्खं आयुष्य एक गोष्ट खटकायची. प्रत्येक शाळेत धडा अर्धा झाला की तळ हलायचा. पुढच्या शाळेत दुसराच धडा चालू असायचा. ‘मला एकाबी धड्याचा शेवट ठावूक नाय,’ असं त्या हसत सांगायच्या.

संध्याकाळी गुरुजी घरी आले की भाकरी थापता थापता त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. ‘आज कुठवर आली चांदी?’

गुरुजी सांगायचे. वहिनी मधे मधे ‘मग?’ म्हणायच्या. आणि जिथे पुस्तक संपायचं, म्हणजे बाजारात, तिथून पुढे वहिनी सांगायच्या आणि गुरुजी ‘मग?’ म्हणायचे. आमच्याकडे त्या वेळी टीव्हीचा आवाज बारीक करायची पद्धत होती. मालिका दुसऱ्या दिवशी पुन्हा लागते, चांदी लागत नसे.

चांदी दरवर्षी बाजारात हरवायची आणि दरवर्षी नव्या वाटेने घरी यायची. एकदा विटांच्या गाढवांमागं लागून आली. एकदा वरातीत घुसली, बँडवाल्यांच्या पुढं चालली आणि नवरदेवाचा हार खाऊन आली. एकदा टेंपोत चढली, पण तिला उलटी झाली आणि तिला पुढच्या फाट्यावर उतरवलं. वहिनींचा एकच दंडक होता. दिवाळीच्या सुटीआधी चांदी घरी आलीच पाहिजे. कारण सुटीनंतर पोरं कळपामागं जाणार. ‘जनावर भायेर ठिवून पोरास्नी वाटंला लावू नका,’ असं त्या गुरुजींना बजावायच्या. धड्याचा शेवट न कळता तळ हलला की काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार.

मागच्या श्रावणात वहिनींना ताप आला. साधाच वाटला. आठवड्याच्या आत त्या गेल्या.

वाडीची माणसं जीप भरून आली. आमच्या जिन्यात बसली, कारण घरात जागा नव्हती. पोरंही होती. त्यांतली तनुजा नावाची तिसरीतली एक पोरगी तेवढी आत आली, स्वयंपाकाच्या ओट्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली आणि जिन्यात जाऊन बसली. ती दगडाबाईची नात. गुरुजींचा मुलगा ऋतुराज पुण्याहून आला, तेरावं झाल्यावर वडिलांना म्हणाला, ‘दादा, चला आता माझ्याकडं.’ त्याचं घर बाराव्या मजल्यावर. गुरुजी म्हणाले, शाळा आहे. शाळा होतीच.

एकटा माणूस म्हणजे काय असतं, ते भिंतीपलीकडून फार ऐकू येतं. पूर्वी भाकरी थापण्याचा आवाज एका लयीत यायचा. आता दोन थापा, मग शांतता, मग एक थाप, मग गुरुजींचा ‘हं’. त्यांच्या भाकरीचा आकार तिसरीच्या नकाशासारखा यायचा. एका माणसाची भाजी मागायला त्यांना संकोच वाटे, म्हणून ते पूर्वीइतकीच आणत आणि निम्मी आमच्याकडे देत. आमची ही ती शिजवून निम्मी त्यांच्याकडे पाठवत असे. अशी ती भाजी दोन्ही घरं हिंडायची. रात्री जेवणाच्या वेळी ऋतुराजचा फोन यायचा. ‘जेवलात का?’ ‘जेवलो.’ ‘काय जेवलात?’ ‘जेवण.’

आणि संध्याकाळी कुलूप उघडल्यावर, ‘आज कुठवर आली चांदी,’ हे विचारायला कोणी नव्हतं. विचारलं असतं तरी उत्तर एकच होतं. वहिनी गेल्या त्या आठवड्यात पुस्तकाचं शेवटचं पान झालं होतं. चांदी बाजारात होती. ती तिथून पुढे सरकलीच नाही.

शाळेत मात्र विचारणारे पुष्कळ होते. पोरं रोज विचारायची, मग पुढं काय झालं गुरुजी. गुरुजी म्हणायचे उद्या. गणपती गेले, दसरा आला. दिवाळी जवळ आली तशी वाडीत निघायची तयारी दिसायला लागली. आणि चांदी बाजारातच.

एके संध्याकाळी गुरुजी माझ्याकडे आले. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, ‘तुम्ही एवढं वाचता. बाजारात हरवलेलं जनावर घरी कसं आणावं?’

मी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस. मी सांगितलं, आधी पोलिसांत खबर द्यावी, मग बाजार समितीला कळवावं, कानाला बिल्ला असेल तर नंबर जुळवावा. गुरुजींनी मान डोलावली. वाईट वाटू नये म्हणून ‘शाब्बास’ही म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच.

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयत्न केला. सरळ टेंपो केला आणि चांदीला त्यात बसवलं. वर्गातून लगेच हरकत आली. चांदीला टेंपो लागतो. मागं एकदा उलटी झालीये. गुरुजींनी टेंपो परत पाठवला. नंतरच्या दिवशी पिवळ्या झग्यातल्या मुलीच्या वडिलांनाच बाजारात धाडलं. पोरं म्हणाली, त्यांनी गर्दीत वळखली कशी, शेपटीवरून की लोकरीवरून. यावर शेळीवाले आणि मेंढीवाले पुन्हा उठले आणि तास संपला. गुरुजी मला सांगत होते, ‘पोरं वाईट नाहीत हो. पण त्यांना कळतं. हे कोणीतरी दुसरंच सांगतंय, हे त्यांना पहिल्या वाक्याला कळतं.’

सुटीआधीचा शेवटचा दिवस आला. गुरुजी त्या दिवशी घरी आले ते थेट आमच्याकडे. पिशवी खांद्यावरून काढली नाही, तसेच बसले आणि शाळेत काय झालं ते सांगितलं.

त्यांनी पुस्तक उघडलं, बाजाराचं पान पोरांसमोर धरलं आणि पहिल्यांदा खरं काय ते सांगून टाकलं, की मला माहीत नाही. चांदी घरी कशी येते ते मला ठाऊक नाही. मग तनुजा उठली आणि तिने विचारलं, इतक्या वर्षांच्या वाटा तुम्हाला कोण सांगायचं. गुरुजी म्हणाले, घरच्या सांगायच्या. तिला ते बहुतेक आधीच समजलं होतं. ती खाली बसली, मागच्या पोरांत काही कुजबुज झाली, आणि ती पुन्हा उठली.

‘गुरुजी, तळ हालला आन् एखादं जनावर कमी भरलं, तर एक माणूस मागं ठिवत्यात. जुन्या जाग्यावर. जनावर फिरून फिरून तिथंच येतंय.’

गुरुजींना हे माहीत होतं. त्यांच्याही घरात पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलेलं. पण ते विसरून गेले होते. त्यांनी विचारलं, मागं राहिलेल्या माणसानं करायचं काय.

‘काय नाय,’ तनुजा म्हणाली. ‘बसायचं. रोजच्या वख्ताला हाळी द्यायची. आमी जातो. तुमी थांबा.’

आणि पोरं घरी गेली. जणू मोठा प्रश्न सुटला. गुरुजी आमच्या सोफ्यावर पिशवीसकट बसून होते. म्हणाले, ‘मला कामाला लावून गेली बघा.’ हसलेही. पण ते हसू पिशवीएवढं जड होतं.

दिवाळीला ऋतुराजने त्यांना पुण्याला नेलं. पाडवा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी गुरुजी परत हजर. नंतर ऋतुराजचा मला फोन आला. काळजीत होता. म्हणाला, ‘काका, दादा म्हणाले तळावर कोणी नाही, जायला पाहिजे. कुठला तळ?’ मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. बाराव्या मजल्यावर ते नीट पोचलं असेल असं वाटत नाही.

शाळा उघडली तेव्हा वाडीत शेतीवाल्यांची तेवढी पोरं राहिली होती. पहिलीतला कचरू, त्याच्या दोन बहिणी, असे थोडके. पाढे म्हणायचे तर आवाज पुरत नसे. दुपारच्या सुटीनंतर गुरुजी शाळेच्या पायरीवर उभे राहून हाळी द्यायचे. पहिल्या दिवशी त्यांना फार अवघडल्यासारखं झालं. समोर मोकळा डोंगर, आणि आपण एका कागदावरच्या जनावराला हाका मारतोय. पहिली हाळी त्यांनी वरिष्ठांच्या खोलीत शिरताना ‘येऊ का’ म्हणतात तेवढ्या आवाजात दिली. कचरू म्हणाला, ‘अशी नाय आयकू जात.’ आणि त्याने जी हाळी दिली ती खालच्या रस्त्यावरच्या बसमधल्या माणसांनी मान वर करून ऐकली.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी गुरुजी घरी येत, आमच्या दारात क्षणभर थांबत आणि कार्यालयात अहवाल द्यावा तसं सांगत, ‘आज नाही आली.’ मी म्हणायचो, ‘येईल.’ ते कुलूप उघडून आत जायचे. मग थापा, शांतता, थापा.

‘गंमत आहे हो सगळी,’ असं ते मला मधून मधून सांगत. ‘पोरांना शब्द दिलाय, म्हणून.’ मीही म्हणे, गंमतच आहे. पण एका रविवारी सकाळी बघतो तर गुरुजी पिशवी घेऊन निघालेले. मी विचारलं, आज कुठे. जरा ओशाळून म्हणाले, ‘रविवारची आली तर?’

उन्हाळ्याची सुटी लागली. कचरूचं घरही मामाच्या गावाला गेलं. मे महिन्यातलं इथलं ऊन असं, की कुत्रीसुद्धा सावली बघून सावलीलाच चिकटून राहतात. गुरुजी आठवड्यातून एक-दोनदा तरी वाडीला जायचे. पंक्चरवाल्याने त्यांना विचारलं म्हणे, मास्तर, छुट्टी में किसको पढाते. गुरुजी म्हणाले, कोणाला नाही, नुसतं बसून येतो. पंक्चरवाला म्हणाला, अच्छा है, आणि स्कूटीच्या चाकात फुकट हवा भरून दिली. त्याला काय समजलं कोण जाणे. बहुतेक बरोबरच समजलं असावं.

मला तेव्हा खरं सांगायचं तर भीती वाटायला लागली होती. जूनला पोरं येतील आणि विचारतील, आली का. हा माणूस काय सांगणार? अख्खा हंगाम तळावर बसून जनावर आलं नाही, असं मागं राहिलेल्या माणसाने सांगायचं म्हणजे काय असतं, ते पाटबंधारे खात्यातून आलेल्या मलाही आता समजायला लागलं होतं.

शाळा उघडण्याच्या दिवशी गुरुजी पांढरा सदरा घालून गेले. संध्याकाळी आम्ही दोघं दाराकडे कान लावून होतो. जिन्यात त्यांची पावलं वाजली. आमच्या दारापाशी ती थांबली नाहीत. कुलूप उघडल्याचा आवाज आला आणि दार लागलं.

आमची ही म्हणाली, ‘जाऊन बघा ना.’ मी उठलोही. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून गुरुजींचा आवाज आला. मला वाटलं फोनवर बोलतायत. पण फोनवर ते एवढं कधी बोलत नाहीत. आमच्या हिने जाऊन टीव्ही बंद केला.

ते गोष्ट सांगत होते. पहिल्या पानापासून. पिवळ्या झग्यातली मुलगी, टेकडी, विहीर, ओढा. प्रत्येक पानानंतर थोडं थांबत होते. किती थांबत होते ते मला बरोबर समजलं, कारण ती थांबण्याची जागा माझ्या ओळखीची होती. कोणी ‘मग?’ म्हणावं एवढंच थांबायचे आणि पुढं जायचे.

बाजार आला. मग गुरुजींनी आजचं सांगितलं. पोरं आली. उन्हाने करपलेली, वाढलेली. सगळ्यांच्या आधी तनुजा. गुरुजींनी शेवटचं पान उघडलं आणि त्यांना सांगितलं, मी इथंच होतो, हाळी देत राहिलो, पण ती आली नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

‘आन् ती तनुजा म्हणती, कशी येईल गुरुजी, ती तर आमच्यात व्हती.’

गुरुजी घरात, एकटे असले की, असं वाडीसारखं बोलायचे.

गंगापूरच्या पुढं एका रानात संध्याकाळी मेंढरं मोजताना एक जास्त भरलं. दुसऱ्या दिवशीही एक जास्त. मोठ्या माणसांना वाटलं मोजणी चुकली. पोरांना समजलं. मग ती कायगाव टोक्याला होती, तिथे तिने पुलावरून खाली बघितलं आणि पाणी बघून घाबरली. गंगेच्या काठाकाठाने पैठणपर्यंत ती कळपाच्या शेवटी चालायची. उसाच्या शेंड्यांचे वाढे तिला आवडायचे. एका रात्री लांडगा आला तेव्हा कुत्र्यांच्या आधी तीच ओरडली. प्रत्येक पोराकडे चांदीचा एक तुकडा होता. गुरुजी फळ्यावर नकाशा काढत गेले, पोरं गावं सांगत गेली. पहिलीतल्याने गावाची नावं म्हटली, दुसरीने मुक्काम मोजले, तिसरीने दिशा लावल्या. शाळेचा पहिला दिवस, सगळे विषय झाले आणि पुस्तकाचं एकही पान उलटलं नव्हतं.

‘मग मी इचारलं, आता कुठंय चांदी?’

गुरुजी थांबले. नेहमीएवढेच थांबले असतील. पण या वेळी ते पुढे बोलेनात. भिंतीच्या अलीकडे आमच्या हिच्या हातात सांडशी होती, ती तशीच राहिली, आणि तिच्या तोंडून नकळत निघून गेलं, ‘मग?’

तिने लगेच तोंडावर हात ठेवला. भिंत पातळ आहे. पलीकडे काही हललं नाही. आम्ही दोघं चोरासारखे उभे राहिलो.

मग गुरुजींचा आवाज आला, पहिल्यापेक्षा हळू.

‘तनुजा म्हणाली, भायेर बांधलीय. लई दिसांनी आली, आत यायला लाजती. मी गेलो भायेर. जायलाच पायजे व्हतं. कडुनिंबाला दोरी बांधलेली. चांगली मेंढराची दोरी, घरून आणलेली. फुडं गळ्याची गाठ, पण तिच्यात काय नव्हतं. पोरं दारात उभी, माझ्याकडं बघत्यात. मग मी ती दोरी जरा सैल केली. लई आवळून बांधली व्हती, गं.’

मग ताट घेतल्याचा आवाज आला, आणि भाकरीच्या थापा.